आलेख जुळले, पण केव्हा?

स्पंदित इलेक्ट्रॉन त्वरकावरचा शोधनिबंध उघडला की त्यात एक आकृती हमखास सापडते. आडव्या अक्षावर वेळ, तोही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत. उभ्या अक्षावर विद्युतप्रवाह. सलग रेघ प्रयोगात मोजलेल्या प्रवाहाची, तुटक रेघ संगणकावरच्या सिम्युलेशनने काढलेल्या प्रवाहाची. दोन्ही रेघा एकमेकींना जवळजवळ चिकटून चालतात आणि खाली एक समाधानी ओळ असते, की गणित आणि मापन चांगले जुळते. या आकृतीत एक गोष्ट मात्र कधीच दिसत नाही. तुटक रेघ आधी काढून ठेवली होती, की सलग रेघ हाती आल्यावर काढली? या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या जुळण्याची सगळी किंमत ठरते, असे माझे म्हणणे आहे. प्रयोग होण्यापूर्वी गोठवलेले गणित जुळले तर तो पुरावा असतो. प्रयोगानंतर कमीजास्त करून जुळवलेले गणित हे फार तर त्या प्रयोगाचे सुबक वर्णन असते. दोन्ही आकृत्या कागदावर मात्र अगदी सारख्या दिसतात.

अशा यंत्राचे उदाहरण दूर शोधायला नको. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात 'काली' या नावाने ओळखली जाणारी त्वरकांची मालिका उभी राहिली. १९८५ मध्ये केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या काळात तिची कल्पना पुढे आली, आणि काली-५००० हे यंत्र २००४ च्या अखेरीस कार्यान्वित झाले. सुमारे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन, ४० हजार अँपिअरचा प्रवाह आणि १०० नॅनोसेकंदांच्या आसपासचा स्पंद, अशी त्याची क्षमता सांगितली जाते. गुणाकार केला तर त्या क्षणाची शक्ती ४० गिगावॉट भरते, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या भर उन्हाळ्यातल्या वीजमागणीपेक्षा जास्त. पण तीच शक्ती १०० नॅनोसेकंदांनी गुणली की हाती उरते फक्त ४ हजार ज्यूल ऊर्जा. एवढ्यात एक लिटर पाणी जेमतेम एका अंशाने तापते. क्षेपणास्त्रे जाळणारे गुप्त शस्त्र म्हणून कालीची जी वर्णने समाजमाध्यमांवर फिरतात, ती फिरवणाऱ्यांनी हा दुसरा गुणाकार केलेला नसतो. अशा यंत्रांची खरी कामे वेगळी आहेत: अतिवेगवान घटनांची क्ष-किरण छायाचित्रे घेणे, तीव्र सूक्ष्मलहरी निर्माण करणे, आणि त्या लहरींपुढे विमानातली किंवा इतर ठिकाणची इलेक्ट्रॉनिक उपकरणे किती तग धरतात ते तपासणे.

थोडी ऊर्जा एवढी प्रचंड शक्ती कशी होते? वेळ आखडून. जर्मन अभियंता एर्विन मार्क्स याने १९२४ मध्ये दाखवलेल्या मांडणीत अनेक कपॅसिटर समांतर जोडणीत सावकाश भारित करतात आणि ठिणग्यांच्या साहाय्याने एका क्षणात एकसर जोडणीत आणतात, म्हणजे त्यांची व्होल्टेजे एकमेकांत मिळवली जातात. थेंबाथेंबाने भरलेली घागर एकदम उपडी करावी तसा हा प्रकार. पुढे तेल किंवा पाणी भरलेली एक वाहिनी तो स्पंद आणखी आखडून चौकोनी करते आणि तो डायोडवर येऊन आदळतो. डायोड म्हणजे निर्वातात समोरासमोर ठेवलेले कॅथोड आणि ॲनोड. दोघांत फट असते बहुधा एखाद-दोन सेंटिमीटरची. फटीतले विद्युतक्षेत्र इतके तीव्र होते की कॅथोडच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म टोके अक्षरशः फुटतात आणि त्यांच्या वाफेचा विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, कॅथोडवर पसरतो. त्या प्लाझ्मातून इलेक्ट्रॉन उपसले जातात. सोव्हिएत संघात गेन्नादी मेस्यात्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात या स्फोटक उत्सर्जनाचा सखोल अभ्यास केला. ही टोके नेमकी कुठे फुटणार, किती फुटणार, पहिल्या झटक्याला जे फुटले ते दुसऱ्याला फुटेल का, हे कोणत्याही समीकरणातून सुटत नाही. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

संगणक काय करतो ते आता पाहू. ४० हजार अँपिअर प्रवाह १०० नॅनोसेकंद वाहिला तर सुमारे अडीच कोटी अब्ज इलेक्ट्रॉन फट ओलांडतात. एकेकाचा हिशेब ठेवणे अशक्य. म्हणून समजा दहा लाख प्रातिनिधिक कण घेतले. त्यांतला प्रत्येक कण अडीच हजार कोटी इलेक्ट्रॉनांच्या वतीने धावतो. डायोडची जागा बारीक चौकटींच्या जाळीत विभागली जाते. कणांची जागा आणि वेग यांवरून जाळीच्या गाठींवर भार आणि प्रवाह मांडायचे, त्यावरून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे काढायची, त्या क्षेत्रांनी कणांना किंचित पुढे ढकलायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. जाळीची चौकट एक मिलिमीटरची असेल तर प्रत्येक पाऊल प्रकाशाला ती चौकट ओलांडायला लागणाऱ्या वेळेहून छोटे ठेवावे लागते. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितींनी १९२८ मध्ये, असे संगणक अस्तित्वात नसताना, ही अट सांगून ठेवली आहे. म्हणजे १०० नॅनोसेकंदांच्या एका स्पंदासाठी किमान तीस हजार पावले. जाळी दुप्पट बारीक करायची ठरवली तर तीन मितींत चौकटी आठपट होतात, पावले दुप्पट होतात, आणि काम सोळापट. त्यामुळे कुठेतरी थांबावेच लागते. जाळी भरड असेल तर कण कारण नसताना गणितातच तापतात, आणि निसर्गात नसलेला गोंगाट उत्तरात शिरतो. हे दोष माहितीचे आहेत आणि सावध माणूस जाळी बदलून उत्तर बदलते का ते आधी पाहतो. समीकरण नीट सोडवले का हा प्रश्न अशा रीतीने प्रयोगाविनाही निकालात काढता येतो. समीकरण मुळात योग्य होते का हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेतच सुटतो.

डायोडमधला प्रवाह किती असावा याचा एक जुना नियम आहे. चाइल्डने १९११ मध्ये आणि लँगम्युअरने १९१३ मध्ये दाखवले की फटीत शिरलेले इलेक्ट्रॉन आपल्याच भाराने मागच्या इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात, म्हणून प्रवाहाला कमाल मर्यादा असते. ती व्होल्टेजच्या दीडाव्या घाताप्रमाणे वाढते आणि फटीच्या वर्गाप्रमाणे घटते. आता नेहमीचे सिम्युलेशन कसे चालते पाहा. प्रयोगात मोजलेले व्होल्टेज त्याला जसेच्या तसे पुरवले जाते. व्होल्टेज चढले की प्रवाह चढणार, उतरले की उतरणार. दोन्ही रेघांचा तोंडवळा सारखा येणार हे निम्मेअधिक तिथेच ठरून जाते. राहिली उंची. ती फटीवर अवलंबून, आणि फट स्थिर नसते, कारण कॅथोडवरचा प्लाझ्मा ॲनोडकडे सरकत असतो. त्याचा वेग साधारणपणे मायक्रोसेकंदाला एक ते तीन सेंटिमीटर आढळतो. फट एक सेंटिमीटरची धरली तर १०० नॅनोसेकंदांत ती नऊ मिलिमीटर उरेल, आठ उरेल किंवा सात. त्यानुसार स्पंदाच्या शेवटी प्रवाह सुमारे २३ टक्क्यांनी, ५६ टक्क्यांनी किंवा थेट दुपटीने वाढलेला निघेल. तिन्ही वेग वाजवी, तिन्हींना आधीच्या मापनांचा आधार. मग सिम्युलेशन करणारा कोणता निवडतो? रेघ जुळेल तो. निबंधात तो वेग एका वाक्यात येतो आणि पुढे जुळण्याचा आनंद दोन पाने चालतो. यात कोणी लबाडी करते असे नाही. पण व्होल्टेज प्रयोगातून घेतले, फट मिटण्याचा वेग प्रयोगाशी जुळवून घेतला, तर उरलेल्या जुळण्यातून आपण नवे काय शिकलो?

नुसती जुळणी म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनने १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मीकडून घेतला. डायसन आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मेसॉन कणांच्या विखुरण्याचे गणित केले होते आणि ते फर्मीच्या स्वतःच्या मापनांशी जुळत होते. फर्मीने विचारले, या गणितात मनाने निवडलेले आकडे किती? डायसन म्हणाला, चार. तेव्हा फर्मीने आपला मित्र जॉन फॉन नॉयमन याचा दाखला दिला: चार आकडे मोकळे दिले तर तो रेघेत हत्ती बसवून दाखवील. डायसनने काम गुंडाळले. पुढे तो सिद्धान्तच टिकला नाही, म्हणजे फर्मीचा संशय रास्त होता. ही गोष्ट विज्ञानलेखनात वारंवार सांगितली जाते. तिच्यातला एक तपशील मात्र बहुधा निसटतो, की जुळणी खरोखरच झाली होती. आकडेमोड चुकलेली नव्हती आणि मापनही खोटे नव्हते. जुळणी असूनही सिद्धान्त चुकीचा होता.

यावर कोणीही अभियंता म्हणेल की निवडलेल्या आकड्यांशिवाय कोणते गणित चालते? पुलाचे गणित करतानाही काँक्रीटची ताकद चाचणीवरूनच घेतात. म्हणणे खरे आहे. आकडा मोजून घेण्याला हरकत नाहीच. प्रश्न आहे तो मोजून घेतल्यावर हातातून सोडला जातो की नाही याचा. काँक्रीटची ताकद ठोकळा दाबून ठरवतात, पूल वाकलेला पाहून नाही. तसेच प्लाझ्माचा वेग एक सेंटिमीटर फटीच्या डायोडवर ठरवा, तो लिहून ठेवा, आणि मग दीड सेंटिमीटर फटीचा, वेगळ्या व्होल्टेजचा स्पंद कसा दिसेल हे आधी सांगा. जुळले तर त्या वेगात काही अर्थ आहे. नाही जुळले तर बहुधा प्लाझ्मा सगळीकडे सारखा सरकत नाही, किंवा ॲनोडवरही प्लाझ्मा तयार होतो आहे, असे काहीतरी नवे कळेल. मला विचाराल तर दुसरी शक्यता अधिक कामाची. न जुळलेली आकृती छापायला मात्र फारसे कोणी धजत नाही.

आधी सांगून मग मोजण्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत आहे. अमेरिकेने शेवटची अणुचाचणी सप्टेंबर १९९२ मध्ये केली. त्यानंतर शस्त्रांच्या साठ्याचा भरवसा संगणकी गणितांवर टाकायचा ठरले, आणि ती गणिते पडताळायला काहीतरी हवे होते. म्हणून 'डार्ट' नावाची सोय उभारली गेली. अण्वस्त्राच्या गाभ्याऐवजी दुसरा जड धातू घालून केलेल्या स्फोटाचे क्ष-किरण चित्र, धातू आत कोसळत असतानाच, घ्यायचे. त्यासाठी काटकोनात मांडलेले दोन इलेक्ट्रॉन त्वरक. सिम्युलेशनची परीक्षा घेणारे हे यंत्र स्वतःही सिम्युलेशनच्या आधारानेच रचले गेले, ही त्यातली गंमत. पहिला त्वरक १९९९ पासून चालू आहे: सुमारे २ हजार अँपिअर, २ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि ६० नॅनोसेकंदांचा एकच स्पंद. त्याचा कॅथोड मखमलीचा आहे. खरोखरच्या कापडी मखमलीचा. तिच्या तंतूंच्या टोकांतून प्लाझ्मा सहज आणि सारखा निघतो. दुसऱ्या त्वरकाला मात्र सुमारे दोन मायक्रोसेकंदांचा, म्हणजे तीस-पस्तीस पट लांब स्पंद हवा होता, कारण तो कापून त्यातून एकाच स्फोटाची चार चित्रे घ्यायची होती. इतक्या वेळात मखमलीवरचा प्लाझ्मा काही सेंटिमीटर पुढे सरकला असता आणि डायोडचे सगळे गणित बिघडले असते. म्हणून तिथे तापवून इलेक्ट्रॉन सोडणारा धातूचा कॅथोड बसवला. जो आकडा खात्रीने सांगता येत नाही, त्यावर अवलंबूनच राहायचे नाही, असा तो निर्णय. सिम्युलेशनची मर्यादा ओळखून यंत्र बदलले, हे मला कोणत्याही जुळलेल्या आकृतीपेक्षा प्रौढ वाटते.

दुसऱ्या त्वरकाबद्दल खरी भीती होती ती झोत बिथरण्याची. इलेक्ट्रॉनांचा झोत त्वरणाच्या पोकळ्यांतून जाताना मध्यरेषेपासून किंचित हलला की पोकळीत एक आडवी लहर जागी होते. ती मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना आणखी ढकलते. ते पुढच्या पोकळीत आणखी मोठी लहर उठवतात. शेवटी झोत भिंतीवर आदळतो. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डचा तीन किलोमीटर लांबीचा त्वरक १९६६ मध्ये सुरू झाला तेव्हा हा प्रकार अनपेक्षितपणे समोर आला. प्रवाह वाढवला की स्पंदाची शेपटी गायब व्हायची. कोणाच्याही गणिताने ते आधी सांगितले नव्हते. आधी यंत्राने दाखवले, मग सिद्धान्त आला, आणि मग झोत आवळणारी चुंबके वाढवून आणि पोकळ्या किंचित ठोकून त्यांचे सूर एकमेकांपासून बदलून इलाज झाला. लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या ५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, १० हजार अँपिअर क्षमतेच्या त्वरकाला १९८० च्या दशकात याच दुखण्याने गाठले. तिथे उपाय शोधला तो आगळाच: नळीत बेंझिनची विरळ वाफ सोडायची, लेसरने तिच्यात आयनांची एक सरळ वाट आखायची आणि झोत त्या वाटेने न्यायचा. तोवर, १९७९ मध्ये, नील, हॉल आणि कूपर यांनी अशा त्वरकांतल्या या वाढीचा सिद्धान्त मांडला होता. वाढीचा घातांक प्रवाह, पोकळ्यांची संख्या आणि पोकळीचा आडवा प्रतिरोध यांच्या प्रमाणात वाढतो आणि आवळणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात घटतो. यातला एकही आकडा झोत पाहून ठरवावा लागत नाही. पोकळीचा प्रतिरोधसुद्धा झोत सोडण्यापूर्वी टेबलावर मोजता येतो.

म्हणून इथली तुलना खऱ्या अर्थाने परीक्षा होती. दुसऱ्या त्वरकाच्या सुरुवातीच्या चाचण्या १२०० अँपिअरहून थोड्या जास्त प्रवाहाने आणि सव्वा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या ऊर्जेने झाल्या. स्पंद ५०० ते १२०० नॅनोसेकंदांचे होते. गणित सांगत होते की एवढ्या चुंबकीय क्षेत्रात झोत बिथरणे नगण्य असेल, आणि ते नगण्यच निघाले. पण तेवढ्यावर काम संपले असे कोणी म्हटले नाही. नळीत उरलेल्या वायूचे आयन झोताला हळूहळू डोलवू लागतात ही दुसरी भीती होती, आणि तिला दिसायला वेळ लागतो. स्पंद आखूड असल्यामुळे ती दिसली नसेल, हे प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःच नोंदवले. मग १६०० नॅनोसेकंदांच्या स्पंदाने प्रयोग पुन्हा केले आणि त्यानंतरच दोन्ही अस्थिरतांपासून धोका नाही असा निर्वाळा दिला. अशा तुलनेत मोजायचे काय हेही नीट ठरवावे लागते. झोत किती मिलिमीटर हलला हा आकडा जुळवण्यात अर्थ नाही, कारण पहिली हालचाल कुठल्या गोंगाटातून आली ते यंत्रालाही ठाऊक नसते आणि सिम्युलेशनमध्ये तर ती हाताने पेरलेली असते. सुरुवातीच्या तुलनेत शेवटी ती कितीपट झाली, आणि चुंबकीय क्षेत्र बदलल्यावर ही पट कशी बदलली, हे विचारायचे. तिथे हात सैल सोडायला जागा राहत नाही.

आता या यशाची दुसरी बाजू. झोत गणिताप्रमाणे वागला, तरी दुसरा त्वरक वेळेवर तयार झाला नाही. चाचण्यांत लक्षात आले की त्वरणाच्या पेशी, म्हणजे झोताला टप्प्याटप्प्याने ऊर्जा देणारे घटक, ठरलेल्या व्होल्टेजला टिकत नाहीत; त्यांच्यात विद्युतरोधन कोसळून ठिणग्या पडत होत्या. पेशी नव्याने रचाव्या लागल्या, सगळ्या बदलाव्या लागल्या, आणि १ कोटी ७० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा तो त्वरक पूर्ण तयार व्हायला २००८ उजाडले. झोताच्या सिम्युलेशनला याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते. त्याच्या लेखी पेशी म्हणजे एक व्होल्टेज देणारी फट होती. त्या फटीमागचा रोधक पदार्थ, त्याच्या कडा, त्याचे तेलाशी आणि निर्वाताशी असलेले सांधे, यांतले काहीही त्याला सांगितलेले नव्हते. प्रयोग महाग आहेत, संगणक स्वस्त आहेत, म्हणून प्रयोग शेवटी एकदाच शिक्कामोर्तबापुरते करावेत, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे. गणितात जे घातले त्याचेच उत्तर गणित देते. काय घालायचे राहिले, हे यंत्र चालवल्याशिवाय कळत नाही.

उलट बाजूचा आक्षेपही तितकाच जोरदार आहे. काही प्रयोगकर्ते म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? मोजलेले ते खरे, बाकी संगणकाचे खेळ. पण मोजलेले म्हणजे नेमके काय? ४० हजार अँपिअरच्या वाटेत कोणी साधा मीटर जोडू शकत नाही. प्रवाह मोजतात रोगोव्स्की कॉइलने, म्हणजे प्रवाहाभोवती वेढलेल्या वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून. आणि डायोडचे व्होल्टेज मोजतात डायोडपासून थोड्या अंतरावर. मधल्या धातूच्या तुकड्याचा इंडक्टन्स समजा १०० नॅनोहेन्री आहे, आणि प्रवाह २० नॅनोसेकंदांत शून्यापासून ४० हजार अँपिअरवर गेला. तर त्या मधल्या तुकड्यावरच दोन लाख व्होल्ट पडतात. मोजणारा ते वजा करतो, आणि ते वजा करायला लागणारा इंडक्टन्स तो गणिताने काढतो. शिवाय केबलमध्ये संकेत नॅनोसेकंदाला सुमारे वीस सेंटिमीटर या वेगाने जातो. एक केबल दुसरीपेक्षा एक मीटर लांब राहिली आणि हिशेबात धरली नाही, तर प्रवाह व्होल्टेजपेक्षा पाच नॅनोसेकंद मागे दिसेल, आणि कोणीतरी त्या उशिरातून नवे भौतिकशास्त्र काढील. तेव्हा सलग रेघही निखळ निसर्ग नसते. तिच्यातही एक छोटे सिम्युलेशन दडलेले असते. म्हणून तिलाही जाडी हवी: दर मापनातली अनिश्चितता, आणि एकाच मांडणीतल्या अनेक झटक्यांत पडलेला फरक. कॅथोड दर झटक्याला थोडा झिजतो, निर्वात थोडा बदलतो. वीस झटक्यांतला सर्वात देखणा निवडून त्याच्याशी गणित ताडणे ही तुलना नव्हे.

सिम्युलेशन नुसते प्रयोगाच्या मागे धावते असेही नाही. चार्ल्स बर्डसॉल आणि विल्यम ब्रिजेस यांनी १९६१ मध्ये डायोडमधले इलेक्ट्रॉन भाराच्या पातळ थरांच्या रूपात मांडून संगणकावर हलवले. तेव्हाच्या संगणकाला एवढेच झेपत होते. मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह सोडला तर काय होईल, यावर कागदावरच्या गणिताने स्थिर अवस्था सुचवल्या होत्या. संगणकात मात्र काहीच स्थिर राहिले नाही: फटीत इलेक्ट्रॉनांची दाटी होऊन एक आभासी कॅथोड तयार होई, तो काही इलेक्ट्रॉन परतवून लावी आणि सतत पुढेमागे झुलत राही. वेळ हा घटकच ज्या गणितात धरलेला नव्हता, त्याला हे झुलणे दिसणे शक्य नव्हते. तीव्र सूक्ष्मलहरी काढण्यासाठी पुढे अनेक देशांत, आणि कालीसारख्या यंत्रांवरही, याच झुलत्या आभासी कॅथोडचा उपयोग केला गेला. तो झुलताना आत डोकावून पाहणे अवघड. तिथे कोणतीही सळई घातली तर क्षेत्रच बदलते. त्यामुळे आत काय चालले आहे याची कल्पना संगणक देतो आणि बाहेर पडणाऱ्या लहरीची वारंवारता मापन देते. हे भागीदारीचे काम आहे, फक्त भागीदारांनी एकमेकांच्या वह्या आधी पाहू नयेत.

माझी मागणी म्हणून साधी आहे, आणि ती शोधनिबंध छापणाऱ्या संपादकांना आहे, आपल्याकडच्या प्रबंधांच्या मार्गदर्शकांनाही आहे. अशा प्रत्येक आकृतीखाली दोन तारखा छापाव्यात: सिम्युलेशनमधले सगळे आकडे शेवटचे केव्हा बदलले, आणि ज्याच्याशी तुलना केली तो झटका केव्हा दिला. दुसरी तारीख आधीची असेल तर त्या आकृतीला पडताळा न म्हणता जुळवणी म्हणावे. त्यात कमीपणा नाही, जुळवणीशिवाय कोणतेही यंत्र चालू होत नाही. सोबत कोणता आकडा कुठून घेतला हे एका ओळीत लिहावे, आणि न जुळलेला निदान एक झटका त्याच पानावर दाखवावा. याला लागेल ती छपाई चार ओळींची. संपादक हे करीपर्यंत, दोन रेघा एकमेकींवर बसलेली आकृती दिसली तर वाचकाने लेखकाला पत्र टाकून त्या दोन तारखा विचाराव्यात.